बंदराच्या बाजूने रत्नागिरी

रत्नागिरीला आज जाणारा प्रवासी शहरात मागच्या दाराने शिरतो. मुंबई–गोवा महामार्गाने येणारा हातखंब्याला वळतो, रेल्वेने येणारा कुवारबावजवळच्या स्थानकावर उतरतो, आणि दोघांनाही समुद्र दिसतो तो अगदी शेवटी, नव्या वसाहती, सरकारी कचेऱ्या आणि बाजारपेठ मागे टाकल्यावर. शहर वाढले ते मात्र नेमके उलट्या क्रमाने. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. त्याआधी कितीतरी पिढ्या माणसे, टपाल, धान्य, आंबा आणि राजकीय कैदीसुद्धा रत्नागिरीत आले-गेले ते मुख्यतः पाण्यावरून. एका दिवसाच्या सहलीत किल्ला, राजवाडा, टिळकांचे घर आणि गणपतीपुळे अशी ठिकाणे बहुधा यादीप्रमाणे उरकली जातात. ती पाहून होतात, पण ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा आणि सावरकरांच्या पुढाकाराने उभे राहिलेले देऊळ एकाच लहानशा गावात का यावे, याचा उलगडा त्या यादीतून होत नाही. दिवसाची सुरुवात बंदरापासून केली आणि शहर समुद्राकडून आत पाहत नेले, तर हा उलगडा बऱ्याच अंशी आपोआप होतो.

बंदराची जागा आधी समजून घेतली पाहिजे. रत्नागिरीचा किनारा सरळ नाही. डोंगराचा एक उंच सुळका समुद्रात घुसलेला असून त्यावर रत्नदुर्ग उभा आहे, त्याच्या उत्तरेस मिऱ्याचा डोंगर आहे, तर दक्षिणेस काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळते. किल्ल्याच्या डोंगराला मुख्य भूमीशी जोडणारी पट्टी चिंचोळी असून तिच्या दोन बाजूंच्या किनाऱ्यांना रत्नागिरीकर ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ म्हणतात. ही नावे पाण्याची नसून वाळूची आहेत. मांडवीच्या बाजूची वाळू काळपट दिसते, कारण तिच्यात इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम असलेले जड खनिज मिसळलेले आहे, तर पलीकडच्या बाजूला ते प्रमाण कमी असल्याने वाळू फिकट राहते. ओली वाळू मुठीत घेतली तर काळ्या समुद्राकडची मूठ हाताला जड लागते; शाळेच्या सहलींमध्ये हा प्रयोग आवर्जून करून घेण्यासारखा आहे.

रत्नागिरी हे कोकणातले सर्वांत जुने बंदर नव्हे, आणि तसा दावा करण्याची गरजही नाही. मध्ययुगात दक्षिण कोकणचा व्यापार चालत होता तो खाड्यांच्या आत वसलेल्या बंदरांतून : वाशिष्ठीच्या मुखावरील दाभोळ, शास्त्री आणि सोनवी नद्यांच्या संगमावरील संगमेश्वर, अर्जुना नदीवरील राजापूर. पंधराव्या शतकात आलेल्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने दाभोळचा उल्लेख केला आहे; पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने १५०८च्या अखेरीस ते शहर जाळले, यावरूनही त्याचे महत्त्व लक्षात यावे. राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, आणि ती १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली ही गोष्ट शालेय पुस्तकांतून सर्वांना ठाऊक असते. खाडीतल्या बंदराला वादळापासून आणि चाच्यांपासून संरक्षण मिळे, घाटावरून बैलांच्या तांड्याने उतरलेला माल थेट गलबतापर्यंत नेता येई, आणि त्या काळची उथळ तळाची जहाजे भरतीच्या पाण्यावर कित्येक कोस आत जाऊ शकत. परंतु सह्याद्रीच्या उतारांवरून दर पावसाळ्यात वाहून येणारी माती याच खाड्यांत साचत गेली, आणि दुसरीकडे जहाजांचा आकार व त्यांना लागणारी पाण्याची खोली वाढत गेली. या दोन्हींच्या कात्रीत खाडीतली बंदरे एकामागून एक मागे पडली. वाफेच्या बोटींच्या काळात महत्त्व आले ते उघड्या समुद्रालगत, पण डोंगराच्या आडोशाला असलेल्या जागांना, आणि रत्नागिरीची जागा नेमकी तशी होती. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे आरंभी बाणकोटला ठेवले होते. ते १८२२ मध्ये रत्नागिरीला हलवले गेले, जिल्ह्याच्या लांबलचक किनाऱ्यावर ही जागा मध्यवर्ती पडते म्हणून. मुलकी कचेऱ्या आल्या, त्यांच्यामागून न्यायालय, तुरुंग, शाळा आणि वकील आले, आणि किल्ल्याच्या पायथ्याचे बंदर जिल्ह्याचे गाव झाले.

सकाळी पहिल्यांदा रत्नदुर्गावर जावे ते एवढ्यासाठी, की वर सांगितलेला सगळा भूगोल तेथून एका नजरेत येतो. किल्ल्याचा आकार घोड्याच्या नालासारखा असून तीन बाजूंना समुद्र आहे. लांबी सुमारे तेराशे मीटर आणि रुंदी सुमारे एक हजार मीटर धरली जाते. किल्ल्याचा आरंभ बहामनी काळातला मानतात. पुढे तो विजापूरकरांकडे, नंतर शिवाजी महाराजांकडे आणि त्यानंतर आंग्र्यांकडे राहिला, आणि १८१८ मध्ये इतर किल्ल्यांबरोबर इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याचे तीन भाग पडतात : भगवतीचे देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृह असलेला भाग, आणि खाली वस्तीची पेठ. देऊळ नांदते आहे, नवरात्रात तेथे गर्दी होते, आणि बालेकिल्ल्याच्या तटावरून चालत फेरी मारता येते. बुरुज मोजत बसण्यापेक्षा तटावर उभे राहून उत्तरेकडे खाली मिरकरवाड्याचे बंदर आणि भगवती बंदराचा धक्का, दक्षिणेकडे मांडवी आणि तिच्यापलीकडे भाट्याची लांब पुळण पाहावी. किल्ला कशाच्या राखणीसाठी होता ते समजायला तेवढे पुरते.

किल्ल्यावरून उतरताना मिरकरवाडा लागतो. राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होते, आणि पर्यटकांच्या यादीत ते नसते याचे कारण बहुधा वास हेच असावे. सकाळच्या प्रहरी येथे लाँच आणि ट्रॉलर धक्क्याला लागतात, जाळ्यातून निघालेली बांगडा, तारली, म्हाकूल, कोळंबी यांची रास टपांत आणि क्रेटमध्ये वेगळी केली जाते, त्यावर फोडलेला बर्फ पडतो, आणि लिलाव इतक्या झपाट्याने उरकतो की बाहेरच्या माणसाला भाव कितीवर तुटला हे कळण्याआधी टप उचलून टेम्पोत गेलेला असतो. नौकेचा प्रमुख तो तांडेल आणि त्याच्या हाताखालची माणसे ते खलाशी. दालदी, खारवी आणि भंडारी या समाजांकडे परंपरेने असलेल्या या धंद्यात आता खलाशांमध्ये नेपाळहून आलेल्या तरुणांची संख्या मोठी आहे. समुद्र कधीही न पाहिलेल्या डोंगराळ देशातली मुले अरबी समुद्रात जाळी ओढतात, ही कोकणातल्या मनुष्यबळाच्या टंचाईची पुरेशी बोलकी खूण आहे. पर्ससीन, म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढून खालून आवळता येणारे मोठे जाळे, वापरणारे नौकामालक आणि लहान होडीवरचे पारंपरिक मच्छीमार यांच्यातला वाद या किनाऱ्यावर अनेक वर्षे चालू असून तो केवळ स्थानिक भांडणाचा नाही, समुद्रात मासा किती उरला याचा आहे. जून आणि जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी सरकारी आदेशाने बंद असते, त्यामुळे त्या दिवसांत येथे फक्त ओढून ठेवलेल्या नौका आणि जाळी विणणारी माणसे भेटतात.

बंदरावरचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर चालतो, आणि तिची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची रीत पाहुण्यालाही उपयोगी पडणारी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अजमासे मिळते : अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारच्या थोडे आधी आणि तितक्याच वाजता रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरती त्याच्यामागे चालते, एवढेच या हिशेबामागचे शास्त्र. पौर्णिमा-अमावास्येच्या जवळ समुद्राला उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे चढउतार कमी. ज्यांना संध्याकाळी पुळणीवर दूरवर चालायचे आहे त्यांनी पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस निवडावा, कारण तेव्हा पाचच्या सुमारास पाणी सर्वांत मागे गेलेले असते; कॅलेंडरातली सुट्टी पाहून निघणाऱ्यांनी निदान शेजारच्या चौकटीतली तिथी तरी पाहावी.

मिरकरवाड्याहून मांडवीला आले की बंदराचा दुसरा, आता संपलेला, अध्याय सुरू होतो. मांडवीच्या धक्क्याला हल्ली ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात, संध्याकाळी तेथे भेळ खात बसलेली माणसे असतात, आणि हा धक्का एकेकाळी मुंबईचा रस्ता होता हे सांगावे लागते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटी मुंबईहून निघून कोकणातली बंदरे घेत दक्षिणेकडे जात. बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि उतारू, ट्रंका, कोंबड्या, फणस हे सगळे पडावातून, म्हणजे मालवाहू मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत नेले जाई. लाटेवर पडाव वर आला की त्याच क्षणी शिडीला हात घालायचा, हे कौशल्य कोकणातल्या म्हाताऱ्या बायकांनाही अवगत होते. गिरण्यांच्या मुंबईला लागणारे मनुष्यबळ मोठ्या प्रमाणावर याच जिल्ह्यातून गेले. पुरुष मुंबईत, कुटुंब गावात आणि दोघांमध्ये मनीऑर्डर, अशी संसाराची जी घडी रत्नागिरी जिल्ह्यात बसली ती आगबोटीच्या वेळापत्रकावर बसलेली होती. शिमगा आणि गणपती यांना येणाऱ्या या माणसांना गाव ‘चाकरमानी’ म्हणते, आणि बोटी गेल्या तरी तो शब्द एसटीच्या जादा गाड्यांबरोबर टिकून आहे.

हापूसचा व्यापारही याच धक्क्यांवर वाढला. झाडावर पक्व झालेला पण न पिकलेला आंबा देठासकट उतरवायचा, गवताच्या थरात बसवायचा आणि तो वाटेत पिकत असतानाच मुंबईला पोचवायचा, या सगळ्या व्यवहारात दिवसांना किंमत असते. घाटरस्त्याने बैलगाडीतून जाणारे फळ दबून गेले असते, बोटीतून जाणारे टिकले. मे महिन्याच्या अखेरीस समुद्र खवळू लागे, बोटी बंद होत आणि आंब्याचा हंगामही त्याच सुमारास संपे. २०१८ मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे या प्रदेशाबाहेरच्या आंब्याला ते नाव लावून विकण्यास कायद्याने मज्जाव झाला. तरीही एप्रिलमध्ये महामार्गाच्या कडेला ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून विकले जाणारे सगळेच फळ रत्नागिरीचे असते असे समजण्याइतके कोणी भोळे राहू नये.

बोटी बंद होण्याचा काळ आता केवळ स्मरणरंजनाचा विषय वाटेल, पण शहराच्या इतिहासाची किल्ली तेथेच आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात समुद्रमार्ग बंद, पूर्वेला सह्याद्रीचा कडा, नद्यांवर पूल नाहीत : म्हणजे कोरड्या दिवसांत मुंबईशी सहज जोडलेले हे गाव वर्षातले काही महिने जवळपास बेट होऊन जाई. ज्याला नजरेखाली ठेवायचे पण कोणाच्या हाती लागू द्यायचे नाही, अशा माणसासाठी सरकारला याहून सोयीची जागा शोधून सापडली नसती. कैदी बोटीने आणता येई, त्याच्या साथीदारांना मात्र येथे नकळत पोचणे कठीण.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा येथे आला तो या हिशेबाने. तिसऱ्या इंग्रज–ब्रह्मी युद्धात नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडालेचा पाडाव झाला, थिबा आणि राणी सुपयालत यांना आधी मद्रासला आणि तेथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणण्यात आले. त्याआधी सत्तावीस वर्षांपूर्वी इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला पाठवले होते आणि १८६२ मध्ये त्याचा अंत तेथेच झाला. सिंहासनावरून उतरवलेल्या राजांची अदलाबदल करून दोन्हीकडच्या प्रजेला त्यांच्यापासून तोडण्याची ही पद्धत होती. थिबाची पहिली चोवीस वर्षे सरकारी बंगल्यांत गेली. भाट्याच्या खाडीवरील उंच कड्यावर त्याच्यासाठी खास राजवाडा बांधला गेला तो १९१० मध्ये, आणि त्यात त्याला जेमतेम सहा वर्षे राहायला मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. एकदा येथे आल्यावर त्याने ब्रह्मदेश पुन्हा पाहिला नाही.

राजवाडा पाहताना त्याच्या ऐश्वर्याकडे कमी आणि त्याच्या बांधणीकडे अधिक लक्ष द्यावे. इमारत तीन मजली, तांबड्या रंगाची, उतरत्या छपरांची असून खिडक्यांच्या अर्धवर्तुळाकार कमानींत रंगीत काचा आणि लाकडावर कोरीवकाम आहे. जांभा दगड, कोकणी पावसाला साजेसे छप्पर आणि ब्रह्मी सागवानी कामाची आठवण अशा तीन गोष्टी तिच्यात एकत्र आलेल्या दिसतात. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय येथे आहे. दर्शनी सज्जातून खाडीचे मुख आणि उघडा समुद्र दिसतो, म्हणजे ज्या वाटेने राजाला आणले ती वाट त्याच्या डोळ्यांसमोर कायम होती. जवळच्या ‘थिबा पॉइंट’वरून हाच देखावा तिकिटाशिवाय मिळतो, आणि बहुतेक सहली तेथेच छायाचित्र काढून परततात, शिवाजीनगर भागातली थिबाची समाधी मात्र फारच थोडे लोक पाहतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष थेन सेन यांनी तिचे दर्शन घेतले होते. राजघराण्यातली माणसे १९१९ मध्ये ब्रह्मदेशी परतली, परंतु थोरली राजकन्या, जिने रत्नागिरीतल्याच एका मराठी माणसाशी संसार मांडला होता, ती पुन्हा येथे आली आणि १९४७ मध्ये येथेच निवर्तली. अमिताव घोष यांच्या ‘द ग्लास पॅलेस’ या कादंबरीमुळे हा इतिहास जगभर पोचला; रत्नागिरीत तो त्याआधीही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यात होताच.

सरकारने हाच हिशेब पुढे विनायक दामोदर सावरकर यांच्या बाबतीतही केला. त्यांना ६ जानेवारी १९२४ रोजी तुरुंगातून सोडण्यात आले ते दोन अटींवर : राजकारणात भाग घ्यायचा नाही आणि रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही. ही स्थानबद्धता मे १९३७ पर्यंत चालली. राजकारण बंद झाल्यावर त्यांनी आपला जोर जातिभेदाविरुद्धच्या कामावर वळवला, आणि त्यातून २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिर उघडले गेले, ज्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह सर्व हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश होता. त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी उचलला; रत्नागिरीत गरिबीत वाढलेला हा भंडारी समाजातला मुलगा मुंबईत जाऊन मोठा बांधकाम कंत्राटदार झाला होता, म्हणजे मांडवीच्या धक्क्यावरून गेलेल्या मनुष्यबळापैकीच तो एक, आणि मंदिराचा पैसा एका अर्थी बोटीने परत आलेला पैसा होता. सावरकरांच्या एकूण राजकारणाविषयी मतभेद असणाऱ्यांनीही हे मंदिर पाहावे, कारण नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू असताना कोकणातल्या एका जिल्ह्याच्या गावी त्याच प्रश्नाला वेगळ्या वाटेने दिलेले ते उत्तर आहे. ते पुरेसे होते का, याचा विचार प्रत्येकाने करावा. टिळक आळीतले टिळकांचे जन्मस्थान तेथून जवळ आहे. २३ जुलै १८५६ रोजी ज्या घरात टिळक जन्मले ते भाड्याचे होते, आणि शिक्षण खात्यात नोकरीला असलेल्या वडिलांची बदली झाल्यामुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला गेले. घर कौलारू आणि नेटके ठेवलेले आहे. पाहायला अर्धा तास पुरतो.

दुपारच्या जेवणानंतर निवड करावी लागते. दक्षिणेला भाट्याचा पूल ओलांडून स्वामी स्वरूपानंदांचे पावस आणि मुचकुंदी नदीच्या मुखावरचा पूर्णगड आहे. उत्तरेला आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंड आणि जयगड आहे. दोन्ही एका दिवसात करणारी वाहने रोज दिसतात, आणि त्यांतली माणसे बहुतेक वेळ झोपलेली असतात. बंदराचा धागा धरून चालायचे असेल तर उत्तर घ्यावी, कारण तो रस्ता एका बंदराकडून दुसऱ्या बंदराकडे जातो.

शहर सोडताना मिऱ्याचा किनारा लागतो. नागपूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग जेथून सुरू होतो ते मिऱ्या हेच, आणि समुद्र दर पावसाळ्यात वस्तीच्या दिशेने सरकतो तेही हेच. दगडी बंधारे बांधले जातात, खचतात आणि पुन्हा बांधले जातात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज भरकटून येथील पांढऱ्या समुद्रावर अडकले आणि पुढे कित्येक महिने त्याचा सांगाडा पर्यटकांचे आकर्षण होऊन बसला, ज्याचा स्थानिकांना आनंद होण्यासारखे काही नव्हते. पुढे शिरगाव आणि साखरतरचा पूल ओलांडून काळबादेवीमार्गे रस्ता आरे गावच्या डोंगरावर चढतो, आणि वळणावर डावीकडे खाली आरे आणि वारे या दोन पुळणी एकदम दिसतात. या देखाव्याची छायाचित्रे इतकी झाली आहेत की त्याविषयी आणखी लिहिण्याची गरज नाही.

गणपतीपुळ्याचे देऊळ समुद्राला पाठ न दाखवता पश्चिमेकडे तोंड करून आहे, आणि तेथे मूर्तीमागचा डोंगरच देवाचे रूप मानला जात असल्याने प्रदक्षिणा संपूर्ण डोंगराला, सुमारे एक किलोमीटरची, घालावी लागते. ती घालणारा भाविक थोड्या वेळात झाडी, वस्ती आणि किनारा असे तिन्ही पाहून येतो. समुद्र मात्र येथे फसवा आहे : किनारा एकदम उतरता असून परतणाऱ्या लाटेची ओढ जबर असते, दरवर्षी पोहायला उतरलेली माणसे बुडतात, आणि धोक्याच्या पाट्या वाचून उतरणारेही त्यांत असतात. घोटाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. लगतच्या मालगुंडला १८६६ मध्ये, म्हणजे टिळकांच्या कुटुंबाने रत्नागिरी सोडली त्याच वर्षी, कृष्णाजी केशव दामले जन्मले, जे केशवसुत या नावाने आधुनिक मराठी कवितेचे जनक ठरले. कोकण मराठी साहित्य परिषदेने त्यांच्या जन्मघराजवळ उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते झाले. गणपतीपुळ्याच्या गर्दीतले फार थोडे लोक एवढ्या जवळच्या मालगुंडला वळतात.

मालगुंडहून जयगडकडे जाताना रस्ता सड्यावरून जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. याच दगडाचे चिरे काढून कोकणातली घरे बांधली जातात, आणि जेथे चिरेखाणी आहेत तेथे जमीन पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली दिसते. उन्हाळ्यात भकास वाटणाऱ्या या कातळावर पावसाळ्यानंतर काही आठवडे इवल्या रानफुलांचे थर पसरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पे, म्हणजे आडव्या खडकात रेषा कोरून काढलेली प्राणी, माणसे आणि भौमितिक आकृती यांची भव्य चित्रे, गेल्या काही दशकांत मोठ्या संख्येने उजेडात आली आहेत. ती काही हजार वर्षांपूर्वीची असावीत असे अभ्यासक मानतात. उक्षी, जांभरुण आणि कशेळी यांसह कोकणातली निवडक स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत आहेत. ती या मार्गावर नाहीत आणि एका दिवसात कोंबू नयेत. फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या कातळाला सरकारी दप्तरात पडीक म्हटले जाते तो रिकामा असेलच असे नाही.

जयगड शास्त्री नदीच्या मुखावर आहे. संगमेश्वरपर्यंत आत जाणाऱ्या गलबतांची वाट येथूनच होती, त्यामुळे किल्ला ज्याच्या हाती त्याच्या हाती खाडीची जकात. किल्ला विजापूरच्या आदिलशाहीने बांधला, पण सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो संगमेश्वरच्या एका नाईकाने बळकावला, आणि त्याला हुसकावण्यासाठी १५८३ व १५८५ मध्ये विजापूरकर आणि पोर्तुगीज या एरवीच्या शत्रूंनी एकत्र मोहिमा काढल्या, तरी त्या साधल्या नाहीत. पुढे तो कान्होजी आंग्र्यांकडे गेला आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. तट आणि बुरुज बरेच शाबूत आहेत, आत वाड्याचे अवशेष आणि गणपतीचे देऊळ आहे. तटावरून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला अलीकडे सुरू झालेले खासगी मालकीचे मोठे बंदर दिसते, जेथे कोळशाची अजस्र जहाजे थेट धक्क्याला लागतात. शास्त्रीच्या मुखाला पुन्हा एकदा व्यापारी महत्त्व आले आहे. फरक एवढाच, की या नव्या बंदरातून चाकरमानी कुठे जात नाहीत आणि आंबाही चढत नाही. त्याचा लाभ आसपासच्या गावांना किती झाला, हे पाहुण्याने तटावरून ठरवू नये. खाली उतरून जेटीवरच्या चहाच्या टपरीवर विचारावे, उत्तरे एकसारखी येणार नाहीत.

या सहलीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. एप्रिल-मेमध्ये आंबा मिळतो, पण दुपारी किल्ल्यावर उभे राहवत नाही. स्वतःचे वाहन नसल्यास शहरातल्या बंदराजवळच्या रहाटाघर स्थानकातून सुटणाऱ्या एसटी गाड्यांची चौकशी आदल्या दिवशीच करावी. आणि रत्नागिरीला परत फिरण्याचे बंधन नसेल तर जयगडच्या जेटीवरून वाहनांसह माणसांना नेणारी फेरीबोट घ्यावी. ती थोड्याच वेळात पलीकडे तवसाळला, म्हणजे गुहागर तालुक्यात, सोडते, आणि तेथून पुढे धोपाव्याहून सुटणारी दुसरी फेरीबोट वाशिष्ठी ओलांडून दाभोळला जाते.